बॉक म्हणजे नुसतं कचरणं नव्हे

'द बँक बॉक्ट ॲट लेंडिंग मोअर' या इंग्रजी वाक्यातल्या 'बॉक'ला (balk) मराठीत काय म्हणायचं, आणि 'हेझिटेट' असताना हा वेगळा शब्द कशाला, असा प्रश्न आला आहे. शब्दकोशातलं 'कचरणे' या वाक्यात बसत नाही, ही प्रश्नकर्त्याची तक्रार मला अगदी रास्त वाटते.

उच्चार 'वॉक', 'टॉक'सारखा. 'एल' बहुतेकदा मुका. ब्रिटिश लेखनात मध्ये 'यू' घालतात, पण शब्द तोच.

या शब्दाचा जन्म शेतातला आहे. जुन्या इंग्रजीत 'बाल्का' म्हणजे मातीचा उंचवटा. नांगरताना मध्येच न नांगरता राहिलेल्या पट्टीला पुढे 'बॉक' म्हणू लागले. आपला बांध डोळ्यांसमोर आणा. लाकडाच्या तुळईलाही हाच शब्द, आणि आपल्या घराची बाल्कनी इटालियनमार्गे याच कुळातून आलेली. क्रियापद झाल्यावर आधी अर्थ होता नांगरताना पट्टी सोडून जाणं, मग टाळणं. 15 व्या शतकाच्या अखेरीस अडथळ्यापुढे थबकणाऱ्या घोड्यासाठी तो वापरात आला. आजचा अर्थ त्या घोड्याचाच आहे.

माझ्या मामाकडे एक बैल होता. गाडीला जुंपला की ओढ्यापर्यंत सरळ यायचा. पाण्याची कड दिसली की चारही पाय रोवून उभा. मान खाली, कान मागे. बुजायचा नाही, उधळायचा नाही, फक्त पुढचं पाऊल टाकायचा नाही. मग मामा खाली उतरायचा, कासरा धरून स्वतः आधी पाण्यात शिरायचा, तेव्हा कुठे स्वारी हलायची. 'बॉक' वाचलं की मला तो बैल दिसतो. 'हेझिटेट' करणाऱ्याच्या मनात चलबिचल असते, आणि ती घरबसल्याही होऊ शकते. 'बॉक'ला मात्र आधी चाल लागते आणि मग समोर काहीतरी आडवं यावं लागतं. म्हणूनच त्याच्यामागे 'ॲट' येतो: कशापाशी अडला, ते सांगायला. 'हेझिटेट टू साइन' चालतं, त्याच्या वळणावर आपल्याकडे 'बॉक्ट टू साइन' लिहिलं जातं, ते टाळावं. 'बॉक्ट ॲट साइनिंग' हेच बरोबर.

'एखाद्याचा बेत हाणून पाडणं' असाही एक अर्थ आहे, पण तो आता क्वचितच भेटतो. अमेरिकेत राहणाऱ्यांना हा शब्द बेसबॉलमध्ये ऐकू येईल. तिथे चेंडू टाकणाऱ्यानं हालचाल सुरू करून मध्येच थांबणं हा 'बॉक', आणि त्याबद्दल तळांवरचे धावपटू एकेक तळ पुढे जातात. सुरू होऊन थांबणं इथेही आहेच.

आता मराठी. सगळ्यात जवळचं 'अडणे', पण ते जनावरांपुरतं चोख. 'बँक अडली' म्हटलं तर तिचंच काहीतरी नडलंय असं वाटेल. 'अडला हरी' आपल्या कानात पक्का बसला आहे. 'अडून बसली' म्हणावं तर हट्ट आला, काहीतरी मागणं आलं. 'कच खाल्ली' मला फार आवडतं, कारण त्यात ऐन वेळ आहे. पण त्यात भित्रेपणाचा ठपकाही आहे, जो 'बॉक'मध्ये असेलच असं नाही. 'का-कू करणे'मध्ये तोंडानं कुरकुर आहे, पाय थांबलेले नाहीत. 'बिचकणे' भीतीचं.

त्यामुळे कोण अडलंय आणि कशापाशी, ते पाहून शब्द निवडावा. घोड्याला 'कुंपणापाशी अडला'. घर पसंत पडलेल्या माणसाला 'किंमत ऐकून मागे सरला'. आणि प्रश्नातल्या वाक्याला मी लिहीन: 'आणखी कर्ज द्यायचं म्हटल्यावर बँकेनं हात आखडता घेतला.'