माळ्यावरून उतरलेली खेळणी : वाचकांचे प्रश्न

या वेळची बहुतेक पत्रं माळ्यावर, ट्रंकेत किंवा आजोळच्या फडताळात सापडलेल्या वस्तूंबद्दल आहेत. वीस-तीस वर्षं धड राहिलेली वस्तू सापडल्यावरच्या पहिल्या पाच मिनिटांत बिघडते, कारण आनंदाच्या भरात आपण ती लगेच चालवून बघतो. म्हणून खालच्या काही उत्तरांची सुरुवात ‘थांबा’नेच होते.

प्रश्न : १९८८च्या सुमारास आजीने सांगितलेल्या गोष्टी घरच्या टेपरेकॉर्डरवर भरल्या होत्या. ती कॅसेट सापडली. फीत सुरुवातीलाच तुटली आहे आणि रिळाच्या कडेला पांढुरकं काहीतरी धरलंय. वाजवून बघू का? — एक वाचक, राजापूर

आत्ता नका वाजवू. पांढुरकं दिसतंय ती बुरशी. कोकणातल्या चार महिन्यांच्या ओलीत ती कॅसेटला हमखास धरते. अशी कॅसेट लावली की बुरशी टेपच्या हेडवर (फितीवरचा आवाज उचलणाऱ्या भागावर) बसते आणि तिथून पुढच्या प्रत्येक कॅसेटला लागते. आधी कॅसेट घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसोबत दोन आठवडे ठेवा. उन्हात वाळवू नका, फीत आकसते आणि वाकडी होते. सुकल्यावर अंगणात किंवा गच्चीत बसा, तोंडाला मास्क लावा, षटकोनी पेन्सिल चाकात घालून फीत हळूहळू फिरवा आणि मऊ कोरड्या सुती फडक्याने अलगद पुसत चला.

मग तुटलेली फीत. कॅसेटला पाच स्क्रू असतील तर काम सोपं आहे. स्क्रू नसलेली, चिकटवलेली कॅसेट असेल तर सांध्यात पातं घालून ती उघडावी लागते आणि रिळं स्क्रूच्या रिकाम्या कॅसेटमध्ये हलवावी लागतात. कॅसेट टेबलावर सपाट ठेवून वरचं झाकण सरळ वर उचला, तिरपं नको, नाहीतर कोपऱ्यातली दोन छोटी चाकं निसटतात. झाकण उचलल्याबरोबर एक फोटो काढून ठेवा, फितीचा मार्ग पुन्हा लावताना त्याचा फार उपयोग होतो.

फीत बहुधा सुरुवातीच्या पारदर्शक पट्टीच्या सांध्यावर तुटते. दोन्ही टोकं एकमेकांवर ठेवून एकाच कापात तिरकी, ४५ अंशांत छाटा, म्हणजे ती तंतोतंत जुळतात. जोडताना एकावर एक चढू देऊ नका, टोकाला टोक भिडवा. चिकटपट्टी फितीच्या आतल्या बाजूला लावायची. कॅसेटच्या तोंडातून बाहेर दिसते ती बाजू हेडला घासते, तिथे काही लावायचं नाही. यासाठी स्प्लायसिंग टेप मिळते, तीच वापरा. साध्या सेलोटेपचा चिकटा उन्हाळ्यात पाझरतो आणि फितीचे थर एकमेकांना धरतात. छाटणीची भीती बाळगू नका: फीत सेकंदाला ४.७६ सेंटिमीटर पळते, एक सेंटिमीटर गेली तर सेकंदाचा जेमतेम पाचवा भाग जातो.

तोंडाशी तांब्याच्या पातळ पट्टीवर नमद्याचा छोटा तुकडा असतो, तोही तपासा. जुन्या कॅसेटमध्ये तो गळून पडतो, मग आवाज दबलेला आणि खालीवर येतो. दुसऱ्या निरुपयोगी कॅसेटमधला काढून बसवता येतो.

वाजवण्याआधी मागच्या कडेच्या दोन्ही प्लास्टिकच्या छोट्या जिभा (टॅब) मोडा. चुकून लाल बटण दाबलं गेलं तरी आजीचा आवाज पुसला जाणार नाही. टेपचं हेड आयसोप्रोपिल अल्कोहोलने आणि रबरी चाक साबणाच्या पाण्याने पुसा. पूर्ण फीत एकदा पुढे, एकदा मागे नेऊन सैल करा. आवाज गोधडीखालून आल्यासारखा वाटला तर हेडशेजारचा छोटा स्क्रू पाव फेऱ्यापेक्षा कमी, दोन्हीकडे फिरवून बघा. ‘स’ आणि ‘श’ जिथे सर्वांत स्वच्छ ऐकू येतात तिथे थांबा. भरणाऱ्या टेपचं हेड आणि तुमच्या टेपचं हेड एकाच कोनात नसतं, म्हणून हे लागतं. स्क्रूड्रायव्हर चुंबकीय नको.

शेवटी आवाज संगणकात घ्या, पण टेपपुढे मोबाइल धरून नव्हे. हेडफोनच्या भोकातून तार थेट घाला आणि न आवळलेल्या (अनकम्प्रेस्ड) वाव्ह (WAV) फाइलमध्ये साठवा. मिनिटाला साधारण १० एमबी, म्हणजे अर्ध्या तासाच्या बाजूला ३०० एमबी लागतील. खरखर काढायची घाई करू नका. मूळ फाइल आहे तशी ठेवा आणि सफाई तिच्या प्रतीवर करा.

प्रश्न : मुलाला जत्रेतून लाकडी भोवरा आणून दिला. तो फिरतो, पण थरथरत आणि भरकटत. कधी तर डोक्यावरच आपटतो. — एक वाचक, मिरज

दोन वेगळी दुखणी आहेत. डोक्यावर आपटतो तो दोष जाळीचा, म्हणजे दोरी गुंडाळण्याचा. वेढे आरीपासून (भोवऱ्याच्या टोकाच्या खिळ्यापासून) वर, एकाला एक खेटून, घट्ट आणि एकावर एक न चढता यायला हवेत. एक वेढा चढला की दोरी सुटताना अडते आणि भोवरा हवेतच उलटतो. पाच सेंटिमीटर रुंदीच्या भोवऱ्याला सव्वा ते दीड मीटर सुती दोरी पुरते. नायलॉनची नको, ती लाकडावरून घसरते. सुती दोरी किंचित ओली केली की पकड आणखी चांगली बसते.

थरथरण्याचा दोष आरीचा. स्वस्त भोवऱ्यात ती मध्यावर ठोकलेली नसते किंवा वाकलेली असते. भोवऱ्याच्या डोक्यावर आणि आरीच्या टोकावर बोटं धरून तो आडवा, सावकाश फिरवा आणि अंगाजवळ पेन्सिल स्थिर धरा. पेन्सिल एकाच बाजूला घासली तर आर तिरकी आहे. नुसती वाकली असेल तर पक्कडीने सरळ करा. चुकीच्या जागी असेल तर उपटा, भोक बांबूच्या काडीने आणि लाकडाच्या फेव्हिकॉलने बुजवा, एक रात्र वाळू द्या. मग मध्य काढून खिळ्यापेक्षा बारीक भोक पाडा आणि खिळा ठोका. भोक न पाडता ठोकला तर लाकूड उभं चिरतं, आणि त्यावर इलाज नाही. आर आठ-दहा मिलिमीटर बाहेर हवी. टोक कानशीने गोलसर करा; सुईसारखं टोक मातीत रुततं आणि भोवरा लवकर मरतो.

आसपास दोन मीटरमध्ये कुणी नको. आरीचा घाव खोल असतो.

प्रश्न : नव्वदच्या दशकातला टीव्ही गेम नव्या एलईडी टीव्हीला लावला. बाकी सगळं चालतं, पण बदकांच्या खेळातली बंदूक एकही बदक मारत नाही. बंदूक बिघडली का? — एक वाचक, अकोला

बहुधा नाही. घोडा दाबला की क्षणभर पडदा काळा होतो आणि बदकाच्या जागी पांढरा चौकोन उमटतो. बंदुकीतून गोळी वगैरे काही निघत नाही. तिच्या नळीतला प्रकाशाचा डोळा तो चौकोन शोधतो. जुन्या पिक्चर ट्यूबवर चित्र ताबडतोब, रेषेरेषेने उमटायचं आणि सगळा हिशेब त्यावरच बांधलेला होता. नवा टीव्ही चित्रावर आधी प्रक्रिया करतो, तेवढ्यात चौकोनाची वेळ निघून जाते. सेटिंग बदलून हे जमत नाही. भंगारवाल्याकडे १४ इंची पिक्चर ट्यूबचा टीव्ही मिळाला तर घ्या, पण त्याची पाठ उघडू नका. प्लग काढल्यावरही आत विजेचा जीवघेणा दाब उरतो.

अडॅप्टर नवा घेताना व्होल्टबरोबर पिनेची धन-ऋण खूणही जुन्याशी जुळवा, उलटी लागली तर आतला रेग्युलेटर जळतो. गेमच्या कॅसेटमध्ये फुंकर मारायची सवय मात्र सोडा. तोंडातल्या ओलीने पिना हिरव्या पडतात. कानकाडीला अल्कोहोल लावून पुसा आणि पूर्ण वाळल्यावरच लावा.

प्रश्न : सावंतवाडीच्या लाकडी भातुकलीवर सॅनिटायझर फवारलं आणि ती चिकट झाली. — एक वाचक, ठाणे

ते लाखेचं काम आहे. कातावर (लाकूड गरगर फिरवणाऱ्या यंत्रावर) फिरणाऱ्या लाकडाला रंगीत लाखेची कांडी टेकवतात, घर्षणाच्या उष्णतेने लाख वितळून बसते आणि केवड्याच्या पानाने तिला चकाकी देतात. लाख पाण्याला दाद देत नाही, पण स्पिरिटमध्ये विरघळते. आता हात न लावता सावलीत दोन-तीन दिवस सुकू द्या, मग जुन्या सुती धोतराच्या तुकड्याने जोरात घासा. बरीचशी चकाकी परत येईल, पण रंग गेलेली जागा भरणार नाही. पुढे नुसतं कोरडं फडकं वापरा.

तिथली रंगवलेली लाकडी फळं वेगळी. त्यांच्यावर ब्रशने दिलेला रंग असतो. जुन्या तैलरंगात शिसं असू शकतं, म्हणून जुनी फळं तोंडात घालणाऱ्या बाळाला देऊ नका.

प्रश्न : ‘किशोर’चे जुने अंक पिवळे पडून तुकडे होताहेत. लॅमिनेशन करू का? — एक वाचक, बेळगाव

करू नका, ते परत काढता येत नाही आणि कागदातलं आम्ल आतच राहतं. गंजलेल्या पिना उलट बाजूने उकलून काढा, ओढू नका, आणि पानं पांढऱ्या सुती दोऱ्याने शिवा. कसर लागली असेल तर अंक हवाबंद पिशवीत घालून दोन आठवडे फ्रीझरमध्ये ठेवा. बाहेर काढल्यावर पिशवी एक दिवस उघडू नका, नाहीतर कागदावर दव धरतं. रोजच्या वाचनासाठी मात्र हे अंक हाताळू नका: बालभारतीने १९७१पासूनचे जुने अंक इंटरनेटवर मोफत ठेवले आहेत, मुलांना तिथून वाचून दाखवा.