वाचक विचारतात : ५० सीसीच्या चेनसॉला २२ इंची बार लावावा का?

प्रश्न : गुहागर तालुक्यात आमची दीड एकराची वाडी आहे. हापूसची जुनी कलमं, थोडे माड, बांधावर ऐन आणि किंजळ. पडलेली झाडं नि वाळक्या फांद्या कापायला ५० सीसीचं चेनसॉ घ्यायचं ठरवलंय. दुकानदार त्यावर २२ इंची बार, म्हणजे चेन जिच्याभोवती फिरते ती लांब पट्टी, बसवून देतो म्हणतो. मोठा बुंधा एका दमात कापला जाईल, असं त्याचं म्हणणं. घ्यावा का?
— एक बागायतदार

उत्तर : मशीन जरूर घ्या, पण त्यावर २२ इंची बार नको. १६ इंची लावा, फार तर १८.

३ जून २०२० ला निसर्ग वादळ श्रीवर्धनजवळ किनाऱ्याला लागलं, तेव्हा आमच्या मागीलदारचा आंबा गोठ्यावर आडवा झाला. घाईघाईत आणलेलं मशीन असंच होतं, इंजिन लहान आणि बार लांब. फांद्या भराभर सुटल्या. बुंध्यात बार पुरता बुडाला मात्र, इंजिनाचा आवाज बसला आणि चेन रेंगाळायला लागली. माझे दीर वरून जोर लावत होते. फटीतून धूर येऊ लागला. बार बाहेर काढला, तर कडा निळ्या पडलेल्या.

बार लांब असला की एकाच वेळी जास्त दात लाकडात असतात, ते ओढायला ताकदही तेवढी लागते. ती नसली की चेन मंदावते, क्लच घसरून तापतो. त्यात लहान मशीनचा पंप चेनवर बेताचंच तेल सोडतो, ते टोकापर्यंत पुरत नाही. दुकानात सीसीच सांगतात. तुम्ही किलोवॅट विचारा, कारण सीसी सारखे असले तरी ताकदीत फरक निघतो. सव्वादोन-अडीच किलोवॅटला १६ ते १८ इंच ठीक. २० इंची बार हवाच असेल, तर ६० सीसीच्या आसपासचं, ३ किलोवॅटचं मशीन बघा.

आता तुमच्या कलमांच्या बुंध्यांना सुतळी गुंडाळून घेर मोजा आणि ३.१४ ने भागा. पाच फूट घेर म्हणजे व्यास जेमतेम १९ इंच. आडवा पडलेला एवढा बुंधा १६ इंची बारने दोन्ही बाजूंनी आरामात कापून होतो. लांब बारचं टोक पलीकडे कुठे टेकतंय ते दिसत नाही, याची मला जास्त धास्ती वाटते. टोकाचा वरचा भाग लाकडाला लागला की मशीन उसळून थेट तोंडावर येतं. उभं झाड तर जाणत्या माणसाशिवाय पाडूच नका.

बार पुढेमागे बदललात, तर चेनचा पिच (कड्यांमधलं अंतर), गेज (बारच्या खाचेत बसणाऱ्या आतल्या कड्यांची जाडी) आणि त्या कड्यांची संख्या जुळवूनच चेन घ्या. बहुतेक बारवर हे कोरलेलं असतं.

माडासाठी वेगळी चेन ठेवा. त्याची बाहेरची साल कठीण, आत धागे. ते स्प्रॉकेटपाशी, म्हणजे चेन फिरवणाऱ्या दातेरी चाकापाशी, गुंडाळतात आणि धार लवकर जाते. पडलेल्या माडाला वाळू चिकटलेली असते, ती आधी पाण्याने धुऊन काढा. कापताना भुशाकडे लक्ष असू द्या. चेनला धार असली की जाडसर चुरा पडतो. पिठासारखा बारीक भुसा पडायला लागला, की मशीन बंद करून कानस हातात घ्या.