पहिल्या नाइट डायव्हसाठी टॉर्च घ्यायचाय. एकच पुरे की दोन हवेत, आणि किती ल्युमेनचे?

तुम्ही लिहिलंय की दिवसाच्या वीसेक स्कूबा डायव्ह झाल्यात, आता पहिली नाइट डायव्ह करायची आहे. एकच दणदणीत 3000 ल्युमेनचा टॉर्च घ्यायचा विचार आहे, आणि बडीकडे, म्हणजे डायव्हच्या जोडीदाराकडे, त्याचा टॉर्च असणारच, मग दुसऱ्यावर पैसे कशाला घालायचे?

दोन घ्या. दोन्ही स्वतःच्या अंगावर ठेवा. आणि खरेदी उलटीकडून करा: आधी बॅकअप ठरवा, उरलेल्या पैशांत मुख्य टॉर्च बघा. (बोलताना आपण टॉर्चलाही सर्रास 'बॅटरी' म्हणतो. इथे घोळ नको म्हणून आतल्या बॅटरीला सेल म्हणतोय.)

हे शहाणपण मला फुकटात आलेलं नाही. एका रात्री 18 मीटरवर माझ्या मुख्य टॉर्चच्या काचेआड पाण्याची एक चंद्रकोर डुलताना दिसली. मिनिटभरात टॉर्च गेला. घाबरलो नाही, कारण छातीवर बॅकअप होता. तो काढला, फिरवला, तर देवघरातल्या समईइतका उजेड. शेवटी बडीला चिकटून त्याच्या उजेडात वर आलो. त्याचाही टॉर्च गेला असता तर काय, हा विचार बोटीवर आल्यावर सुचला, तोही अंग पुसताना.

मुख्य टॉर्चचं कारण लगेच सापडलं: ओ-रिंगवर, म्हणजे पाणी अडवणाऱ्या रबरी कडीवर, एक केस आडवा पडला होता. डोक्यावरचा एक केस! बॅकअपचं कोडं सुटायला मात्र दोन दिवस लागले. तो डोकं फिरवून लावायचा टॉर्च होता. मी तो बंद केला होता, पण पुरेसा सैल केला नव्हता. दुपारच्या डायव्हमध्ये खाली गेल्यावर पाण्याच्या दाबाने डोकं आत रेटलं गेलं आणि टॉर्च आपोआप लागला. भर उन्हाच्या पाण्यात ते कोणाच्या लक्षात येणार? वर आल्यावर दाब गेला, टॉर्च विझला, आणि सेल निम्म्याहून जास्त संपलेले. अशा टॉर्चचं डोकं किती फेरे सैल करायचं ते त्याच्या पुस्तिकेत दिलेलं असतं. तेवढंच करा. जास्त सैल केलं की ओ-रिंग जागची सरकते आणि पाणी आत येतं.

म्हणून बॅकअप जितका कंटाळवाणा तितका चांगला. चालू आणि बंद, बस. लुकलुकणारे मोड, तीन पातळ्या, दोनदा दाबा आणि धरून ठेवा, असलं काही नको. अंधारात गार पडलेल्या बोटांना ते जमत नाही. 200-300 ल्युमेन पुरतात, मुठीत मावेल एवढा आकार हवा. बॅकअपमध्ये मला साधे अल्कलाइन सेल आवडतात. साध्या सर्किटच्या टॉर्चमध्ये ते हळूहळू मंदावतात, म्हणजे आधी इशारा मिळतो. संरक्षण सर्किट असलेला लिथियम सेल बऱ्याचदा शेवटपर्यंत छान उजेड देतो आणि मग एका क्षणात पडदा पाडतो. अल्कलाइनची खोड एकच: महिनोन्महिने आत राहिले तर गळतात आणि संपर्काच्या स्प्रिंगा खाऊन टाकतात. हंगाम संपला की काढून ठेवा.

आता मुख्य टॉर्च. ल्युमेन म्हणजे एकूण उजेड. तो किती रुंद पसरवलाय यावर सगळा खेळ आहे. 1000 ल्युमेन 10 अंशांच्या झोतात एकवटले तर पाणी कापत जातात, तेच 100 अंशांत पसरले तर चार हातांवर विरून जातात. पाणी गढूळ असेल तर रुंद झोताने आणखी वाईट होतं. धुक्यात गाडीचा अप्पर मारल्यावर समोर जशी पांढरी भिंत उभी राहते, अगदी तसंच, कारण प्रत्येक कण उजेड परत तुमच्याच डोळ्यांत फेकतो. तुम्ही पाहिलेले 3000 ल्युमेनवाले बरेचसे व्हिडिओसाठी असतात, रुंद झोताचे. कॅमेऱ्याला तेच हवं असतं, वाट शोधणाऱ्याला नाही.

अरुंद झोताचा दुसरा उपयोग बोलण्याचा. रात्री हात दिसत नाहीत, टॉर्चनेच बोलावं लागतं. तळावर सावकाश गोल फिरवला की सगळं ठीक. हळू आडवा हलवला की इकडे लक्ष दे. भराभर आडवा हलवला की संकट. ठळक ठिपका असेल तर बडीला हे डोळ्याच्या कोपऱ्यातूनही कळतं, पसरट उजेडात काहीच कळत नाही. माझ्या मते 700 ते 1200 ल्युमेन, साधारण 8-12 अंशांचा झोत आणि एक कमी उजेडाची पातळी एवढं भरपूर झालं. निम्मी डायव्ह मी कमी पातळीवरच काढतो. बडीच्या तोंडावर पूर्ण झोत मारला की त्याचे अंधाराला सरावलेले डोळे काही मिनिटं कामातून जातात, आणि वर आल्यावर काय ऐकावं लागतं ते इथे लिहिण्यासारखं नाही.

खोक्यावरच्या वेळेला भुलू नका. 2009 साली आलेल्या एफएल-1 या टॉर्चच्या मानकात चालण्याचा वेळ मोजतात तो उजेड सुरुवातीच्या 10 टक्क्यांवर येईपर्यंत. म्हणजे 'दोन तास' लिहिलेल्या टॉर्चचा दुसरा तास नावापुरता असू शकतो. उत्पादकाने उजेडाचा आलेख दिला असेल तर तो बघा. मी डायव्हच्या दीडपट वेळ टिकेल असाच घेतो. गुहेत जाणारे तर प्रत्येकी किमान तीन दिवे नेतात, एक मुख्य आणि दोन बॅकअप, कारण तिथे सरळ वर येण्याची सोय नसते.

'आयपीएक्स-8' हा पाणी न शिरण्याचा दर्जा, तेवढाच लिहिलेला टॉर्च घेऊ नका. त्याचा अर्थ एक मीटरहून खोल बुडवला तरी चालतो, पण किती खोल आणि किती वेळ ते उत्पादक ठरवतो. डायव्हिंगच्या टॉर्चवर खोली मीटरमध्ये लिहिलेली असते.

दुकानात गेलात तर होकायंत्र बरोबर न्या. सरकवायच्या बटणाच्या टॉर्चमध्ये अनेकदा चुंबक असतो. तो मनगटावरच्या होकायंत्राजवळ नेऊन बघा, सुई कशी वळते ते. अंधारात चुकीच्या दिशेला पोहत गेल्यावर हे कळण्यापेक्षा तिथेच कळलेलं बरं.

मुख्य टॉर्च हातात किंवा हाताच्या पाठीवरच्या हँडलवर. बॅकअप छातीवरच्या पट्ट्याच्या डी-रिंगला (धातूच्या कडीला) हुकाने, आणि तो लोंबू नये म्हणून रबराच्या फासात. हूक टॉर्चला दोरीने बांधा, धातूच्या कडीने नको. अडकला तर दोरी कापता येते. खिशात ठेवू नका, तिथे सिग्नलचा फुगा आणि रील यांच्या गुंत्यात तो सापडत नाही. घरी डोळे मिटून एका हाताने काढून लावायचा सराव करा. मुख्य टॉर्च गेला की आधी बॅकअप लावायचा, मग मेलेला टॉर्च अडकवत बसायचं.

ओ-रिंग प्रत्येक वेळी उजेडात धरून बघा, ग्रीस इतकंच लावा की नुसती चमक दिसेल. पाणी शिरलेला लिथियम सेलचा टॉर्च तोंडासमोर उघडू नका, आत वायूचा दाब साठलेला असू शकतो. विमानप्रवासात सुटे लिथियम सेल केबिनच्या सामानात न्यायचे असतात. टॉर्चमधलेही मी काढून घेतो. बॅगेत चुकून लागला तर पाण्याच्या गारव्याशिवाय तो भाजेल इतका तापतो.

दोन्ही टॉर्च दिवसाही न्या. लाल रंग पहिल्या काही मीटरांतच पाण्यात विरतो. एकदा 20 मीटरवर खडकाला घासून बोट कापलं, रक्त काळपट हिरवं दिसत होतं. टॉर्च मारला आणि लालभडक झालं.

तो फसवा बॅकअप अजून माझ्याकडेच आहे. आता दर डायव्हला 5 मीटरवर थांबून त्याच्या काचेवर तळहात धरतो आणि हातावर उजेड पडलाय का ते बघतो.