किक घुमतेय? आधी सबवूफर हलवा

प्रश्न : वाशीतल्या छोट्या हॉलमध्ये आम्ही साठेक जणांची टेक्नो (इलेक्ट्रॉनिक नृत्यसंगीत) रात्र करतो. किक (ड्रमचा जड ठोका) घुमते, मधे उभं राहिलं तर बास गायब, वर सोसायटीची तक्रार. हे टिकेल का?

उत्तर : टिकेल, पण ‘रात्री’चा हट्ट सोडा. निवासी भागात रात्री 10 ते सकाळी 6 मर्यादा 45 डेसिबलची, दिवसा 55. पाच ते साडेनऊ ठेवा. डेट्रॉईटमध्ये 1980च्या दशकात जन्मलेलं हे संगीत संध्याकाळीही तितकंच चालतं!

आता घुमणं. 130 बीपीएमला (मिनिटाला 130 ठोके) दर 0.46 सेकंदाला किक पडते. फरशी-काचांच्या हॉलमध्ये आधीची विरायच्या आत पुढची येते. सब (सबवूफर, म्हणजे बासचे स्पीकर) कोपऱ्यात असतील तर बास आणखी फुगतो. दोन सब दोन टोकांना असतील तर एकत्र आणा, कोपऱ्यापासून दूर ठेवा. एकमेकांपासून लांब असले की काही जागी एकमेकांचा आवाज खातात. टॉप स्पीकरमधून (सब सोडून बाकीचे) 100 हर्ट्झखालचा आवाज कापा. पडद्यांवर पैसे घालवू नका, 50 हर्ट्झची लहर जवळपास सात मीटरची, तिला पडदा काय अडवणार? त्यापेक्षा खिडक्यांच्या फटी रबरपट्टीने बुजवा. आणि मिक्सरवरचा लाल दिवा (आवाज मर्यादेबाहेर गेल्याची खूण) लागू देऊ नका.