गॅमा स्रोताचा पत्ता एक्स-रे कसा सांगतात?

प्रश्न : फर्मी या अवकाशातल्या दुर्बिणीला सापडलेल्या गॅमा स्रोतांपैकी हजाराहून अधिक स्रोत नेमके कशाचे आहेत हे अजून ठरलेलं नाही आणि ते ओळखायला एक्स-रे दुर्बिणी वापरतात, असं वाचलं. जी वस्तू गॅमामध्ये ठळक दिसते तिच्यासाठी दुसरी दुर्बीण कशाला? आणि यातलं काही आपल्याला साध्या डोळ्यांनी दिसेल का?
– एक वाचक, सातारा

उत्तर : तुमचा ‘ठळक’ हा शब्द धरूनच सुरुवात करतो. स्रोत ठळक असला तरी त्याची जागा ठळक नसते. गॅमा किरण म्हणजे प्रकाशाचाच सर्वांत जास्त ऊर्जेचा प्रकार. एवढ्या ऊर्जेचे किरण आरशावरून परतत नाहीत, भिंगातून वळत नाहीत. फर्मीत टंगस्टनचे पातळ पत्रे आहेत. त्यांत किरण शिरला की इलेक्ट्रॉन-पॉझिट्रॉनची जोडी जन्मते, सिलिकॉनच्या पट्ट्या तिचा माग टिपतात आणि त्यावरून किरणाची दिशा काढायची. मंद स्रोताच्या बाबतीत ही दिशा अंशाच्या दहाव्या भागाइतकी ढोबळ राहते. तेवढ्या आभाळात तारे आणि दीर्घिका यांची दाटी असते. बोट कुणाकडे दाखवणार? एक्स-रे मात्र गुळगुळीत आरशाला अगदी घासून गेले तर वळतात, चपटा दगड पाण्यावर टप्पे घेत जातो तसे. त्यामुळे त्यांची प्रतिमा बनते आणि जागा काही विकलांपर्यंत (विकला म्हणजे अंशाचा 3600वा भाग) पक्की होते.

याचं मला सर्वांत प्रिय उदाहरण म्हणजे गेमिंगा. सास-2 या उपग्रहाला 1970च्या दशकाच्या सुरुवातीला मिथुन राशीत गॅमाचा एक झगझगीत ठिपका दिसला. 1975 साली सोडलेल्या कॉस-बीनेही तो पाहिला, पण त्याची जागा सांगायची तर चंद्रबिंबापेक्षा मोठा तुकडा दाखवावा लागे. रेडिओ दुर्बिणींना तिथे खात्रीचं काही मिळेना. मिलानचे खगोलशास्त्रज्ञ जोव्हान्नी बिन्यामी यांनी त्याला गेमिंगा म्हटलं. नावात मिथुन आणि गॅमा आहेतच, शिवाय मिलानच्या बोलीत ‘गे मिंगा’ म्हणजे ‘तिथे नाहीच’!

बिन्यामी आणि पात्रिझिया काराव्हेओ यांनी मग आइनस्टाइन या एक्स-रे दुर्बिणीने तो तुकडा तपासला. तिथे एकाहून जास्त एक्स-रे स्रोत निघाले. हा टप्पा घाईत ओलांडण्यासारखा नाही, कारण एक्स-रे ठिपका सापडला म्हणजे तोच आपला, असं नसतं. इतरांची ओळख पटवून ते बाजूला काढावे लागले. उरला तो विचित्र होता : गॅमामध्ये लखलखीत, एक्स-रेमध्ये त्याहून कितीतरी मंद, दृश्य प्रकाशात जवळजवळ नाहीच. 1983 साली त्यांनी हाच गेमिंगा असल्याचं मांडलं.

1984 साली मी कॉलेजात फिजिक्स शिकवायला लागलो तेव्हा कोडं इथवर आलं होतं. पुढचं उत्तर 1992चं. हाल्पर्न आणि होल्ट या खगोलशास्त्रज्ञांना रोसॅट उपग्रहाच्या एक्स-रे नोंदींत ठेका सापडला, दर 0.237 सेकंदाला एक. म्हणजे तो सेकंदाला चारहून अधिक गिरक्या घेणारा न्यूट्रॉन तारा (मोठ्या ताऱ्याच्या स्फोटानंतर उरलेला अतिघन गाभा), पल्सार! ठेका कळताच तो कॉम्प्टन या अवकाशातल्या वेधशाळेच्या गॅमा नोंदींत मिळाला, मग कॉस-बीच्या आणि सास-2च्या जुन्या नोंदींतही. गॅमा किरण इतके तुरळक येतात की कुठला ठेका शोधायचा हे आधी माहीत नसेल तर त्या काळी तो हाती लागणं फार अवघड होतं. वीस वर्षं उत्तर फितींवर पडून होतं! वर्गात हे सांगताना माझा आवाज कापरा झाला होता, आणि आज लिहितानाही तीच अवस्था आहे.

आता स्विफ्ट उपग्रह फर्मीचे अनोळखी तुकडे असेच एक्स-रेमध्ये तपासतो. काही स्रोत रेडिओनेही उलगडतात. नारायणगावजवळच्या खोडदच्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीने फर्मीच्या अनोळखी स्रोतांमधून मिलिसेकंद पल्सार, म्हणजे काही मिलिसेकंदांत एक गिरकी घेणारे पल्सार, शोधले आहेत.

तुमचा दुसरा प्रश्न. गेमिंगा डोळ्यांना दिसणार नाही, जागा मात्र दिसेल. जानेवारीत रात्री नऊच्या सुमारास मृग शोधा. त्याच्या पूर्वेला पुनर्वसूचे दोन तेजस्वी तारे दिसतील. तिथून मिथुनाच्या पायांकडे, म्हणजे मृगाच्या दिशेने, या. पायाशी अल्हेना नावाचा ठळक पांढरा तारा आहे. त्याच्या थोडं उत्तरेला, दीड-दोन अंशांवर, जे काळं आभाळ दिसेल तिथेच गेमिंगा आहे.