प्लग-इन हायब्रीड गाडी रोजच्या वापराला परवडते का?

रोजचं येणं-जाणं तीस-चाळीस किलोमीटर, महिन्यातून एखादी लांबची फेरी, अशा माणसाने प्लग-इन हायब्रीडला, म्हणजे पेट्रोलचं इंजिनही आणि वायर लावून भरायची बॅटरीही असलेल्या गाडीला, जादा पैसे मोजावेत का, असं तुम्ही विचारलंय. मोजू नयेत. निदान आज, आपल्याकडे, पगारावर किंवा छोट्या धंद्यावर जगणाऱ्याने तर नाहीच.

एक तर घेणार कुठली? आजवर भारतात अधिकृतपणे विकल्या गेलेल्या प्लग-इन गाड्या आठवून बघा. व्होल्वोची एक्ससी नाइन्टी, बीएमडब्ल्यूची एक्सएम, पोर्शे, रेंज रोव्हर. सगळ्या कोटीच्या आगेमागे, नाहीतर त्याच्या कितीतरी वर. एक्सएम २०२२ च्या डिसेंबरात आली तीच २ कोटी ६० लाखांना. त्यात सरकारने हायब्रीडला इलेक्ट्रिकच्या पंगतीला बसवलेलं नाही. इलेक्ट्रिकला जीएसटी ५ टक्के. चार मीटरपेक्षा लांब हायब्रीडला २२ सप्टेंबर २०२५ पासून ४०, आणि त्याआधी सेस धरून ४३. वायर लावली म्हणून कर कमी होतो असा जो समज आहे तो डोक्यातून काढून टाका.

तरीही सामान्य माणूस या फंदात पडतो, कारण सेकंडहँड बाजार. कोटीची गाडी सात-आठ वर्षांनी नव्या इनोव्हाच्या पैशात मिळते. आमच्या साडूंनी अशीच घेतली. कंपनीचं नाव सांगत नाही, गाडी म्हणून तिच्यात खोट नव्हती.

साडू पुण्यात वाकडला राहतात, ऑफिस हिंजवडीला. मी सोलापुरात टॉवेल कारखान्यांचे हिशेब लिहितो. घर जुळे सोलापूरला, कामं नवी पेठेत आणि अक्कलकोट रोड एमआयडीसीत. माझ्याकडे सीएनजीची वॅगन-आर आहे. साडूंच्या वास्तुशांतीला भर मांडवात त्यांनी सासऱ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं होतं, "काय हो, सिलिंडरवर बसून आलात का? बॅगा कुठे ठेवल्या, मांडीवर?" हसले सगळे. मीही हसलो. पण अशी वाक्यं माणूस जपून ठेवतो.

तर गेल्या मे महिन्यात मेहुण्याच्या मुलीचं लग्न सोलापुरात होतं. साडू ती गाडी घेऊन आले. उतरल्याबरोबर, अजून पाणीसुद्धा प्यायले नव्हते, म्हणाले, "लिटरला चाळीसच्या वर देते, कागदावर आहे." कागदावर आहे हे खरंच. कंपनीच्या चाचणीत असं धरलेलं असतं की माणूस बॅटरी नियमाने भरणार आणि बरंचसं अंतर विजेवरच कापणार. मी सहज म्हटलं, बघू तर पडद्यावर काय दाखवते. पुण्याहून आलेल्या फेरीचा आकडा दहाच्या आतबाहेर होता. साडू म्हणाले, एसी होता, चार माणसं होती, हायवेला वेग होता. म्हणजे गाडी गाडीसारखी वापरली होती.

माझ्या मुलाला उत्साह. त्याने डिकीतली चार्जिंगची केबल काढली, तर ती कंपनीच्या प्लास्टिकमध्येच, गाठीची पट्टीसुद्धा कापलेली नाही. म्हणजे पहिल्या मालकानेही कधी लावली नव्हती. साडूंची अडचण अशी की सोसायटीचं पार्किंग दुसऱ्या पोडियमवर, तिथे पॉइंट नाही, आणि कमिटी म्हणते कॉमन मीटरवरून वीज देणार नाही. गंमत बघा, वाकड-हिंजवडी ही फेरी या गाडीसाठी नेमकी बेतलेली. रोज रात्री भरली असती तर आठवडा आठवडा पेट्रोलचा थेंब लागला नसता. पण भरायला जागाच नाही, म्हणून बॅटरी आणि मोटर मिळून दोन-तीन माणसांचं ओझं घेऊन साडू पेट्रोल जाळत होते. रिकामी कळशी कडेवर घेऊन गावभर हिंडायचं, तसं.

मग ठरलं, आमच्या पोर्चमध्ये भरू. तिथे पाण्याच्या मोटरचा पंधरा अँपिअरचा पॉइंट आहे. केबल लावली, तर मधल्या डबीवर लाल दिवा. हे चार्जर आधी अर्थिंग तपासतात आणि नसलं तर वीज घेतच नाहीत. फ्रिज-मिक्सरसारखे सोशिक नसतात. मे महिना, त्रेचाळीस अंश, अर्थिंगचा खड्डा ठणठणीत कोरडा. शेजारच्या वायरमनने सांगितलं तसं मुलाने मिठाचं पाणी बादलीभर खड्ड्यात ओतलं. ज्या गावात नळाला चार-पाच दिवसांनी पाणी येतं तिथे बादलीभर पाणी जमिनीत ओतताना आमच्या सौंचा चेहरा बघण्यासारखा होता. पण दिवा हिरवा झाला. साडू खुर्ची टाकून पोर्चमध्येच बसले.

रात्री साडेतीनला पाणी आलं.

सोलापूरच्या बाहेरच्यांना हे कळणार नाही. पाणी आलं म्हणजे घरातलं झोपलेलं माणूस उठतं, मोटर लागते, टाकी भरते, आणि मग जमलं तर झोप. सौंनी उठून केबल उपटली, मोटर लावली, आणि पाणी गेल्यावर केबल परत लावायची राहून गेली. सकाळी साडू बघतात तर बॅटरी निम्मी. त्यांनी विचारलं, कोणी काढली? सौ चहा गाळता गाळता म्हणाल्या, "दाजी, पाणी आलं होतं." एवढंच. पुढे कोणी बोललं नाही.

दुसऱ्या दिवशी नवरानवरीला घेऊन तुळजापूरला निघालो. सुरुवातीला गाडी खरोखर छान, आवाज नाही, धक्का नाही, मागे बसलेल्या मामेसासूबाईंनी विचारलं की चालू आहे ना. पण एसी त्याच बॅटरीवर, ऊन डोक्यावर, गाडी दोन टनांच्या वर. अर्ध्या वाटेवरच्या तामलवाडीच्या आधीच इंजिन गुरगुरायला लागलं आणि घाट सगळा पेट्रोलवर चढलो. साडू म्हणाले, पूर्ण भरली असती तर आलो असतो. नसतो आलो. त्या पिढीच्या गाडीत नऊ युनिटांची बॅटरी, नवी असताना चाळीसेक किलोमीटरचा दावा. आठ वर्षांनी, मे महिन्यात, एसी लावून, घाट चढून पंचेचाळीस किलोमीटर कुठून येणार?

हे एका साडूचं रडगाणं म्हणून सोडून देऊ नका. युरोपात आता गाड्यांमध्ये इंधनाची नोंद ठेवणारं यंत्र बसवलेलं असतं. त्यातली माहिती गोळा करून युरोपीय आयोगाने २०२४ मध्ये अहवाल काढला. २०२१ मध्ये नोंदलेल्या प्लग-इन हायब्रीड प्रत्यक्ष रस्त्यावर कंपनीने सांगितलेल्याच्या सरासरी साडेतीन पट कार्बन सोडत होत्या. कारण तेच, लोक धरलं होतं तितकं चार्ज करत नाहीत. नोकरीतल्या कंपनीने गाडी दिली, पेट्रोलचं कार्डही दिलं, तर घरच्या मीटरवर कोण भरेल? ब्रिटनने या गाड्यांचं अनुदान २०१८ मध्येच बंद केलं, जर्मनीने २०२२ अखेर.

प्रदूषणाचं म्हणाल तर वीज येते कुठून हे सांगायला साडूंना मी होटगीच्या बाजूच्या चिमणीकडे बोट दाखवलं. चिमणी म्हटलं की सोलापूरकराला विमानतळाजवळची, २०२३ मध्ये पाडलेली साखर कारखान्याची चिमणी आठवते, पण मी म्हणतोय ती फताटेवाडीच्या एनटीपीसी वीज केंद्राची. १३२० मेगावॉट, सगळा कोळसा. तरीही खर्चाच्या बाबतीत वीज जिंकते हे मान्य करायलाच हवं. घरचं युनिट वरच्या टप्प्यात पंधरा रुपये धरा, जड गाडी युनिटला चार किलोमीटर गेली तरी किलोमीटरला पावणेचार रुपये. पेट्रोलवर तीच गाडी दहा रुपयांच्या वर खाते. फक्त एक लक्षात ठेवा, महावितरणचे टप्पे शंभर, तीनशे, पाचशे असे चढतात, आणि गाडी तुम्हाला वरच्या टप्प्यात ढकलते. छतावर सोलर असेल तर हिशेबच वेगळा. तीन किलोवॉटला केंद्राचं ७८ हजारांपर्यंत अनुदान मिळतं.

आता वायर न लावायची, चालता चालता स्वतःच बॅटरी भरणारी, म्हणजे स्ट्राँग हायब्रीड. तिचं शोरूमवाले फार गोड सांगतात. ग्रँड व्हिटारा स्ट्राँग हायब्रीडचा दावा लिटरला २७.९७, साध्या पेट्रोलचा २१ च्या आसपास. प्रत्यक्षात बावीस आणि पंधरा धरा. वर्षाला बारा हजार किलोमीटर चालवलं तर अडीचशे लिटर वाचतात, म्हणजे सव्वीस-सत्तावीस हजार रुपये. जादा किंमत तीनेक लाख. वसूल व्हायला अकरा वर्षं. बॅटरीची वॉरंटी साधारण आठ वर्षांची. पुण्या-मुंबईच्या ट्रॅफिकमध्ये रोज दोन तास अडकणाऱ्याचं गणित याहून बरं येईल, कारण हायब्रीड तिथेच कमावते. आमच्या सोलापुरात सात रस्त्याच्या सिग्नलला थांबून काय वाचणार?

आणि दोन इंधनांवर चालणारी, इंजिनही आणि दुसरी सोयही, अशी गाडी हवी असेल तर ती आपल्याकडे कधीचीच आहे. सीएनजी म्हणतात तिला. डिकी जाते? प्लग-इनचीही बॅटरी कुठेतरी जागा खातेच. किलोला ३४ चा दावा आहे, पंचवीस-सव्वीस निश्चित मिळतात, आणि गॅस संपला तर बटण दाबून पेट्रोल. पंपावर रांग असते, दर तीन वर्षांनी सिलिंडरची हायड्रोटेस्ट, म्हणजे पाण्याच्या दाबाची चाचणी, करावी लागते, बस. अर्थिंगला पाणी घालावं लागत नाही.

अपवाद सांगतो, नाहीतर कोणीतरी खाली लिहीलच. स्वतःचं घर, स्वतःचं पार्किंग, स्वतःचा सोलर, आणि रोज रात्री न विसरता वायर लावणारा माणूस, या चारही गोष्टी असतील तर प्लग-इन उत्तम यंत्र आहे. चीनमध्ये ती खपते कारण तिथे ती पेट्रोल गाडीच्याच भावात मिळते. तिथल्या बीवायडी कंपनीने २०२४ च्या फेब्रुवारीत किन प्लस डीएम-आय ही प्लग-इन गाडी ७९,८०० युआनला काढली, म्हणजे आपले तेव्हाचे नऊ-सव्वानऊ लाख. त्या भावात इथे आली तर हे उत्तर मी स्वतः खोडेन. पण त्या चार गोष्टी ज्याच्याकडे आहेत त्याने सरळ छोटी इलेक्ट्रिकच का घेऊ नये? लांबच्या फेरीसाठी दुसरं इंजिन वर्षभर वागवायचं, त्याचं ऑइल बदलायचं, ते कशाला? पुण्याला तर हुतात्मा एक्सप्रेस जाते, २०२३ पासून वंदे भारतही जाते.

साडू हे वाचतीलच, मेहुणा पाठवेल त्यांना. त्यांना एवढंच सांगणं आहे की बॅगा मांडीवर नव्हत्या, मागच्या सीटवर होत्या.