एचओ विकून एन स्केल घ्यावं का?

मॉडेल रेल्वेचा छंद असलेल्या एका गृहस्थांनी पहिल्याच भेटीत घडी घातलेला कागद पुढे केला. वर दोन स्केलांचे आकडे होते, एचओचा ८७ आणि एनचा १६० (मॉडेल खऱ्या गाडीपेक्षा तितक्या पटीने लहान), आणि खाली भागाकार.

"एचओला जेवढी जागा लागते तिच्या तीस टक्क्यांत एनचं काम होतं," ते म्हणाले. "घर लहान होतंय. हिशोब तर सरळ आहे. पण खोकी विकायला काढायची म्हटलं की हातच उचलत नाही. माझंच काही चुकतंय का?"

वय अठ्ठावन्न. पंचवीस वर्षांत जमवलेला एचओचा संग्रह: चौदा इंजिनं, बावीस प्रवासी डबे आणि मालगाडीच्या साठेक वाघिणी. आजवर त्यासाठी स्वतंत्र खोली होती. नव्या घरात एका भिंतीलगत २.८ मीटर लांब आणि ४५ सेंमी रुंद फळी मिळणार होती, तिच्याखाली लिहायचं टेबल. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.)

मॉडेल रेल्वेच्या छंदात स्केल बदलण्याचा प्रश्न बहुतेकांना कधी ना कधी पडतो. घर बदलतं, डोळ्यांना चष्मा लागतो, निवृत्ती जवळ येते, किंवा दुसऱ्या स्केलमध्ये मनातलं एखादं इंजिन निघतं. समोर येणारा माणूस बहुतेक वेळा निम्मा निर्णय घेऊनच आलेला असतो आणि उरलेल्या निम्म्यासाठी त्याला कुणाची तरी परवानगी हवी असते. ती परवानगी देणं किंवा नाकारणं हे समुपदेशकाचं काम नाही. हिशोब पुरा झालाय का, एवढं आधी पाहायचं.

त्यांचा भागाकार बरोबर होता. एचओ म्हणजे १:८७ आणि एन म्हणजे १:१६०. तोच डबा एनमध्ये ५४ टक्के लांबीचा होतो आणि क्षेत्रफळ २९.६ टक्क्यांवर येतं. पण फळीवर क्षेत्रफळ कमी नव्हतंच. कमी होती ती रुंदी. गोल फिरणाऱ्या मार्गाला वळणाच्या त्रिज्येच्या दुप्पट जागा लागते, वर रुळाची रुंदी, डब्याचं बाहेर येणारं अंग आणि कडेला थोडी सुरक्षित मोकळीक.

त्यांच्या जुन्या मांडणीत ४३८ मिमी त्रिज्येचं वळण होतं, म्हणजे जवळजवळ एक मीटर रुंदी. ४५ सेंमीच्या फळीवर एचओचा गोल बसणार नाही, हे त्यांना ठाऊक होतं. एनचा बसेल असं त्यांनी धरून चाललं होतं. बसतो, पण १९२ मिमी त्रिज्येचं घट्ट वळण घेतलं तर. आता हे १९२ एचओच्या भाषेत आणायचं झालं तर १.८४ ने गुणावं लागतं, आणि उत्तर येतं ३५३. म्हणजे सगळा संग्रह विकून, नव्याने सगळं घेऊन, त्यांच्या हाती जुन्यापेक्षाही घट्ट वळण येणार होतं. जुन्या मांडणीबद्दल त्यांची सर्वांत मोठी तक्रार कोणती होती? "वळणावर गाडी खेळण्यातली वाटते." हा आकडा कागदावर मांडला तेव्हा ते बराच वेळ बोलले नाहीत.

वळणाचं गणित इतकं महत्त्वाचं का, हे थोडं सविस्तर सांगायला हवं. २६.४ मीटर लांबीचा प्रवासी डबा एचओमध्ये ३०३ मिमी होतो, एनमध्ये १६५ मिमी. उत्पादक आपले डबे घट्ट वळणावरून जातील अशी सोय करतात. कपलिंग (डबे जोडणारा आकडा) बोगीला, म्हणजे डब्याखालच्या चाकांच्या सांगाड्याला, जोडलेलं असतं किंवा वळणावर आपोआप लांबणाऱ्या यंत्रणेवर बसवलेलं असतं. त्यामुळे गाडी पुढे ओढताना सहसा घसरत नाही. तीच गाडी मागून ढकलली की घोटाळा सुरू होतो. डब्यांची तोंडं वळणावर बाहेर फेकली जातात, बफर एकमेकांत अडकतात आणि हलका डबा रुळावरून उचलला जातो. गाडी दोन्ही दिशांना बिनघोर चालावी आणि दिसायलाही नीट असावी असं वाटत असेल, तर त्रिज्या सर्वांत लांब डब्याच्या तिप्पट धरावी. एचओत हे साधारण ९० सेंमी होतं, एनमध्ये ५० सेंमी. म्हणजे लांब डब्यांच्या एन गोलालाही एक मीटरपेक्षा थोडी जास्त रुंदी द्यायला हवी. स्केल ठरवण्याआधी हा एक आकडा काढा. पुष्कळांचा प्रश्न इथेच संपतो.

त्यांचा संपला नाही, कारण जागा हे त्यांचं एकच कारण नव्हतं. रोज रात्री ते इतरांच्या एन मांडण्यांची चित्रं पाहत: डोंगर, पूल, दहा-बारा डब्यांची गाडी. "माझ्या गाड्या कधी एवढ्या लांब दिसल्याच नाहीत," ते म्हणाले. ही ओढ खरी आहे. १९ मीटरचं इंजिन आणि सहा लांब डबे मिळून एचओत २.०४ मीटर होतात, एनमध्ये १.११. निसर्गातून जाणारी लांब गाडी ज्याला हवी आहे, त्याला एनसारखं सुख नाही. अशाच एका दुसऱ्या प्रकरणात, जिथे तीन मीटर बाय दीड मीटर जागा होती आणि संग्रह जेमतेम पाच इंजिनांचा होता, एनकडे जाण्याचा निर्णय अगदी योग्य ठरला. त्या व्यक्तीला दुरुस्तीत रस नव्हता. गाडी डोंगराआडून निघताना पाहायची होती, बस.

म्हणून त्यांना एक नोंदवही दिली. तीन आठवडे, रोज दोन ओळी: आज छंदाला किती वेळ दिला आणि त्यात काय केलं. पाच रकाने: गाडी चालवणं, टेबलावरचं काम, रूळ आणि वायरिंग, नुसतं पाहणं, आणि खरेदीचा शोध. शिवाय एक अट, नव्वद दिवस काही विकायचं नाही आणि काही विकत घ्यायचं नाही. अट महत्त्वाची आहे. घर बदलताना मनावर ताण असतो, खोकी डोळ्यांसमोर असतात आणि विकून मोकळं व्हावंसं वाटतं. त्या भरात विकलेलं परत मिळवताना अडचण पैशापेक्षा वेगळीच असते: तेच इंजिन, त्याच स्थितीत, पुन्हा मिळत नाही.

तीन आठवड्यांत एकतीस तास झाले होते. त्यातले सतरा टेबलावर: गिअरमधलं घट्ट झालेलं जुनं ग्रीस काढणं, कडक झालेले ट्रॅक्शन टायर (चाकांवरच्या रबरी कड्या) बदलणं, चाकांमधलं आतलं अंतर मापकाने तपासणं, एका वाघिणीला हाताने गंज रंगवणं. गाडी चालवण्यात चार तास. त्या चारांतलेही तीन वाघिणींच्या शंटिंगमध्ये, म्हणजे त्या पुढेमागे नेऊन जुळवण्यात.

हे वाचून ते म्हणाले, "म्हणजे मला डोंगर नकोच आहेत की काय?"

डोंगर पाहायला आवडतात आणि हातांना दुसरंच काम आवडतं, दोन्ही खरं असू शकतं. पण घरात काय उभारायचं हे हातांना विचारावं, असं आमचं स्पष्ट मत आहे. पाहण्याची हौस इतरांच्या मांडण्यांवर भागते, हातांची भागत नाही.

तरीही कागदावर निर्णय घ्यायचा नव्हता. ओळखीच्या एका छांदिष्टाकडून त्यांनी एनचं एक इंजिन, तीन डबे आणि एक सांधा (रूळ दोन वाटांना फुटतो ती जागा) असलेला रुळांचा साधा गोल उसना आणला. सहा आठवडे. चाचण्या ठरवून दिल्या होत्या. बोगीचा डबा दहा वेळा रुळावर ठेवायचा आणि किती वेळा पहिल्याच प्रयत्नात बसला ते लिहायचं. दोन डबे हाताने जोडायचे, सोडायचे. इंजिनाचं कवच काढून पुन्हा बसवायचं. डब्यावरचा क्रमांक नेहमीच्या अंतरावरून वाचायचा. खऱ्या गाडीवर २० सेंमी उंचीचा अंक एचओत २.३ मिमी होतो आणि एनमध्ये सव्वा मिमी. चाळिशीनंतर जवळचं दिसणं कमी होतं तेव्हा हा फरक कागदावरच्या फरकापेक्षा मोठा ठरतो. डोक्याला लावायचं भिंग आणि कामाच्या जागी थेट पडणारा प्रकाश यांनी पुष्कळ फरक पडतो, म्हणून चाचणी या दोन्हींसह करायची. हात नव्याने थरथरायला लागले असतील तर मात्र स्केल बाजूला ठेवून आधी डॉक्टरांना दाखवा. तो विषय छंदाचा नाही.

निकाल: दहापैकी आठ वेळा डबा बसला. क्रमांक भिंगाशिवाय वाचता आला नाही. कवच निघालं, बसलं, पण आतली वीज घेणारी पट्टी वाकवताना त्यांना घाम फुटला. दुसऱ्या आठवड्यापासून इंजिन सांध्यावर अडखळू लागलं. एनमध्ये हे वारंवार होतं आणि कारण साधं आहे. इंजिन हलकं, त्यामुळे चाकाचा रुळावर दाब कमी, त्यामुळे जरासा मळही वीज तोडतो. छोट्या इंजिनाची मोजकी चाकं सांध्याच्या विजेपासून तोडलेल्या प्लॅस्टिकच्या भागावर आली की पुरवठाच बंद. उपाय आहेत: वीज वाहणारा धातूचा भाग असलेले सांधे घ्यायचे, प्रत्येक रुळाच्या तुकड्याला स्वतंत्र वायर द्यायची, आयसोप्रोपिल अल्कोहोलच्या फडक्याने रूळ पुसायचे. घासायचा खडबडीत ठोकळा टाळायचा, त्याच्या ओरखड्यांत मळ आणखी लवकर साचतो. जुनं एन साहित्य घेणाऱ्यांनी चाकांच्या कडाही पाहाव्यात. जुन्या चाकांच्या कडा खोल असतात आणि कोड ५५ च्या (कोड म्हणजे रुळाची उंची, इंचाच्या हजारांश भागांत) काही बारीक रुळांवर त्या स्लीपरवरच्या खिळ्यांना घासत खडखडतात. पेको या कंपनीचा कोड ५५ याला अपवाद आहे. त्यात उंच रूळच स्लीपरमध्ये खोल बसवलेला असल्याने आतल्या बाजूला जागा राहते.

त्यांच्या पत्नींनी मध्येच सुचवलं, "दोन्ही ठेवा की!" प्रेमाने सुचवलेला, पण जपून घ्यायचा पर्याय. दोन स्केल म्हणजे दोन प्रकारची कपलिंग, इंजिनात बसणारे दोन मापांचे डीकोडर, सुट्या भागांचे दोन साठे आणि दोन अर्धवट मांडण्या. कंट्रोलर, डीसीसीचं म्हणजे डिजिटल नियंत्रणाचं मुख्य यंत्र (रुळाचा व्होल्टेज एनसाठी कमी करून), सोल्डरिंगची हत्यारं, रंग, मातीचा भुगा हे दोन्हीकडे चालतं. बाकी फारसं नाही. दुसरं स्केल ठेवायचंच तर एक फळी, एक कालखंड, एक गाडी एवढ्यावर थांबता यायला हवं. मधला मार्ग म्हणून टीटीचाही विचार झाला. स्केल १:१२० आणि गेज, म्हणजे दोन रुळांमधलं अंतर, १२ मिमी; एचओच्या तुलनेत क्षेत्रफळ सुमारे ५३ टक्के. पण त्यांच्या फळीवर त्याचाही गोल बसत नव्हता, आणि एचओचा एकही डबा त्यावर चालणार नव्हता. ओओची गोष्ट वेगळी: स्केल १:७६, पण गेज एचओचाच १६.५ मिमी, त्यामुळे रूळ तेच राहतात. स्केल आणि गेज या दोन शब्दांची गल्लत झाली की खरेदीत हमखास चूक होते.

नव्वदाव्या दिवशी त्यांनी फळीवर वर्तमानपत्र पसरलं आणि पूर्ण मापात पेन्सिलीने रूळ काढले. एचओचेच. गोल नाही. ॲलन राइट यांच्या इंगलनूक या शंटिंगच्या आराखड्यावर ते आले: दोन सांधे, तीन मार्ग. एका मार्गावर पाच वाघिणी मावतात, उरलेल्या दोहोंवर तीन-तीन, आणि इंजिनाच्या बाजूला इंजिन अधिक तीन वाघिणींपुरती जागा. आठ वाघिणींतून चिठ्ठ्या टाकून पाच निवडायच्या आणि त्याच क्रमाने गाडी लावायची. असे क्रम ६,७२० होतात. कपलिंगसह १२५ मिमीची चारचाकी वाघीण आणि १५० मिमीचं छोटं इंजिन धरलं, तर इंजिनाची बाजू ५२५ मिमी, सांधा १८५ मिमी, पाच वाघिणी ६२५ मिमी आणि सांध्याजवळची मोकळीक ८० मिमी, म्हणजे १.४ मीटरच्या थोडं वर. २.८ मीटरच्या फळीवर निम्मी जागा शिल्लक राहिली. तिथे त्यांनी इंजिनांची छोटी शेड आणि खरं दुरुस्तीचं टेबल घेतलं. मागच्या कडेला एन स्केलची दोन घरं ठेवली आहेत, लांबवर असल्यासारखी दिसतात.

"पंचवीस वर्षं वाया गेली असं वाटेल" ही भीती मात्र राहिलीच होती, कारण सगळा संग्रह या घरात मावणार नव्हता. झालेला खर्च निर्णय बदलला तरी परत येत नाही आणि नाही बदलला तरी येत नाही, हे डोक्याला पटतं. मनाला पटायला वस्तू एकेक करून हातात घ्यावी लागते. त्यांनी तसंच केलं. प्रत्येक खोक्यावर चिठ्ठी: चालवणार, दाखवणार, देणार. "देणार" ढिगातलं प्रत्येक इंजिन आधी चालवून पाहिलं, जस्ताच्या ओतीव भागांत भेगा किंवा फुगवटा नाही ना ते तपासलं, मूळ खोकं आणि सुटे भाग जुळवले. इंजिनं एकेकटी दिली आणि साध्या वाघिणी गटाने. नवशिक्यांसाठीच्या तयार संचांमधल्या वस्तूंना मागणी कमी असते हे आधीच सांगितलं होतं, त्यामुळे वाईट वाटणं आवाक्यात राहिलं. साधारण तिसरा हिस्सा गेला.

सहा डब्यांची गाडी आता फळीच्या वर, काचेच्या लांब पेटीत उभी आहे. दोन मीटर चार सेंमी, पहिल्यांदाच पूर्ण जोडलेली.

चार लांब वाफेच्या इंजिनांचा निर्णय त्यांनी मुद्दाम लांबणीवर टाकला आहे. जुना फोम चिकट होऊन रंगाला धरतो, म्हणून खोक्यांतला फोम काढून ती आम्लरहित कागदात गुंडाळली आहेत. दर सहा महिन्यांनी प्रत्येक इंजिन रोलरच्या स्टँडवर ठेवून दोन्ही दिशांना दहा-दहा मिनिटं फिरवायचं, एवढंच सध्या ठरलंय.